उतरणीच्या खुणा

१

शनिवारी दुपारी दोन वाजता मुख्याध्यापकांना चौघांनी झोळीत घालून खाली आणलं, आणि चार वाजेपर्यंत माझ्या नवऱ्याची नोकरी जाणार अशी कुजबुज उद्यानभर पसरली.

मुख्याध्यापक निवृत्त होते. ज्येष्ठांच्या एका डोंगर-भटकंती मंडळाचे ते पुढारी. मंडळातले नऊ जण शुक्रवारी आमच्या वन उद्यानात आले, तळ्याकाठच्या मैदानात तंबू ठोकून राहिले आणि सकाळी सातला माथ्याकडे निघाले. माथ्याची वाट सोपी आहे. झाडांवर आणि दगडांवर वीतभर लांबीचे पिवळे पट्टे रंगवले आहेत, ते बघत चालायचं. हे पट्टे राखायचं काम वनरक्षकाचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. पण त्या दिवशी पट्टा बघून चाललेली मंडळी माथ्यावर पोचलीच नाहीत. कधीच्या काळी बंद केलेल्या जुन्या वाटेने भलत्याच घळीत शिरली. तिथे शेवाळावरून मुख्याध्यापकांचा पाय घसरला आणि गुडघा भोपळ्यासारखा सुजला.

खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी तीन पानी तक्रार लिहिली. अक्षर मोत्यासारखं, प्रत्येक मुद्द्याला क्रमांक. मोठ्या साहेबांनी ती दोनदा वाचली आणि सोमवारी सकाळी दहाला चौकशी ठेवली. बंद वाटेवर ताजे पिवळे पट्टे सापडले होते. पिवळ्या रंगाचे डबे कोठीत, आणि कोठीची किल्ली माझ्या नवऱ्याच्या खिशात. त्याने कामचुकारपणा करून कुठेही पट्टे ओढले, असा सरळ हिशेब सगळ्यांनी मांडला. नोकरी गेली तर राहतं घरही जाणार होतं, कारण ते उद्यानाचंच.

आई नेमकी शुक्रवारीच आमच्याकडे आली होती. तंबूत झोपायचं आणि डोंगर चढायचा, एवढीच तिची हौस होती. वय सहासष्ट. बाबांबरोबर तिने चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, परांचीवर उभं राहून तीन-तीन मजले उंच. जावयाशी तिचं वैर नव्हतं, पण सूतही जुळलं नव्हतं. आल्या आल्या फाटकाजवळचा पहिला पट्टा नखाने खरवडून ती म्हणाली होती, "जावईबापू, रंगात टर्पेंटाइन फार घातलंत."

शनिवारी संध्याकाळी तिने ती तक्रार मागून घेतली आणि चष्मा लावून वाचली. सातव्या मुद्द्यावर तिचं बोट थांबलं. मुख्याध्यापकांनी लिहिलं होतं: "फाट्यावरची खूण पाहून आम्ही डावीकडे वळलो. पुढे एकही खूण दिसेना. मात्र मागे वळून पाहिलं, तर आम्ही नुकत्याच ओलांडलेल्या प्रत्येक झाडावर खूण होती. आमच्या मागून कोणीतरी खुणा रंगवत येत होतं."

२

मुख्याध्यापक उद्यानाच्या दवाखान्यातल्या एकुलत्या एका खाटेवर पडले होते. गुडघ्याखाली दोन उशा. आई शेजारच्या स्टुलावर बसली आणि तिने आधी त्यांच्या अक्षराची तारीफ केली. त्या एका वाक्याने काम झालं. मग त्यांनी सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली, तीही क्रमांक देऊन.

मागे माणूस कोणाला दिसला नव्हता. पावलं ऐकू आली नव्हती. पण खुणा होत्या, यावर नऊच्या नऊ जणांचं एकमत होतं. दोघांना तर भीतीच वाटली, आणि म्हणूनच ते घाईघाईने पुढे रेटत घळीत शिरले.

"त्या खुणेला हात लावून पाहिलात का?" आईने विचारलं.

मुख्याध्यापकांनी पाहिलं होतं. बोटाला रंग लागला नाही. आणखी एक गोष्ट त्यांना आठवली, तक्रारीत लिहायची राहून गेलेली. पट्ट्याच्या चारी बाजूंनी काळी किनार होती, पेन्सिलीएवढी जाड. खालच्या पट्ट्यांना ती नव्हती.

बाहेर आल्यावर आई म्हणाली की तेलरंग वाळायला एक दिवस तरी लागतो. म्हणजे मागून कोणी येत नव्हतं. खुणा आधीपासून तिथेच होत्या.

"मग पुढे जाताना त्या दिसल्या का नाहीत?" मी विचारलं.

"तेच तर. आणि किनार कशाला? किनारीला दुप्पट वेळ लागतो. उगाच कोणी एवढी मेहनत घेत नाही."

आम्ही घरी पोचलो तेव्हा माझा नवरा पायरीवर बसला होता. कोठीतले डबे त्याने मोजले होते. पिवळ्याचा एकही डबा कमी नव्हता. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, पण तो माझ्याकडे बघत नव्हता. तो एवढंच म्हणाला की वाटाड्याला भेटा. त्याला काहीतरी माहीत आहे.

३

वाटाड्यावर सगळ्यांचा संशय होताच. पट्टे रंगवण्याआधी लोकांना माथ्यावर नेण्याचं काम त्याचं होतं. पट्टे आले आणि त्याला विचारणारं कोणी उरलं नाही. आता तो तंबू भाड्याने देतो आणि लोकांचे स्टोव्ह दुरुस्त करतो. एकदा सगळ्यांसमोर म्हणाला होता की एक दिवस तुमचे पट्टे उलटे करून ठेवीन, मग कळेल वाटाड्या कशाला लागतो ते.

रविवारी सकाळी लवकर आम्ही त्याच्या तंबूशी गेलो. तो पिन घेऊन एका स्टोव्हचं भोक साफ करत होता. आईने आडवळण घेतलं नाही. तुम्ही म्हणाला होतात तसं झालं, असं सरळ म्हणाली.

वाटाड्याने पिन खाली ठेवली. बोललो होतो, कबूल आहे, म्हणाला. पण उलटे करायचे तर चढणाऱ्याला फसवणारे करीन ना? ते पट्टे त्याने काल झोळी आणताना पाहिले होते. चढणाऱ्याला ते दिसतच नाहीत, मग फसणार कोण? असलं अर्धवट काम आपलं नाही, असं तो जवळजवळ अपमान झाल्यासारखा बोलला.

"पण फसले की नऊ जण," आई म्हणाली.

"ते पट्ट्यामुळे नाही फसले, बाई. नसलेल्या पट्ट्यामुळे फसले." त्याने माझ्याकडे एक ओझरती नजर टाकली. "फाट्यावर उजवीकडे जायची खूण ज्या झाडावर होती, ते झाड बारा दिवसांपूर्वीच्या वाऱ्यात पडलं. तोडून नेलं सुद्धा. मी त्याच दिवशी रक्षकसाहेबांना सांगितलं होतं. उद्या रंगवतो म्हणाले."

म्हणजे बारा दिवस झाले, आणि माझ्या नवऱ्याने मला अवाक्षर सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर मी काही विचारायच्या आत तोच बोलला. झाड पडलं हे खरं. उद्या करू, परवा करू म्हणत राहिलं. दुसरे पट्टे कोणी काढले ते त्याला ठाऊक नव्हतं, पण उजवीकडची खूण असती तर मुख्याध्यापक आज माथ्याचे फोटो दाखवत असते, हे त्याला चांगलंच ठाऊक होतं. काल कोणाला सांगायची हिंमत झाली नाही. मला राग आला होता, आणि त्या रागाचं काय करावं ते कळत नव्हतं.

आईने चपला सोडून कॅनव्हासचे बूट चढवले. "रडगाणं नंतर," ती म्हणाली. "जावईबापू, मला तो फाटा दाखवा. डोंगर चढायला तर आले होते मी."

४

फाट्यापर्यंत दीड तासाची चढण आहे. उद्यानाची जीप दुसऱ्या बाजूच्या कच्च्या रस्त्याने तिथवर येते, पण आईला चालतच जायचं होतं. ती सावकाश चढली, एकदाही बसली नाही.

फाट्यावर उजवीकडे तोडलेल्या झाडाचा बुंधा होता. डावीकडे कंबरेएवढा धोंडा, आणि त्याच्या सपाट माथ्यावर काळ्या किनारीचा पिवळा पट्टा. कुठल्याही बाजूने दिसेल असा. त्यामागे जुनी वाट गवतातून वर जात होती.

आम्ही त्या वाटेने शंभरेक पावलं गेलो. पुढे खूण नाही. आई थांबली, मागे वळली. तीन झाडांवर तीन पट्टे, ठसठशीत. मुख्याध्यापक तिळभरही खोटं बोलले नव्हते. पट्टे होते, पण झाडांच्या वरच्या अंगाला. खालून येणाऱ्याला खोडाची पाठ दिसत होती.

आईने पहिल्या पट्ट्याला नाक लावलं, मग नखाने कडेचा कपचा उडवला. रंग लोखंडावर लावायचा आहे, म्हणाली, झाडावर नीट धरलेला नाही. ब्रश बारीक. हात सवयीचा नाही, पण जपून चालवलेला. एकही ओघळ नाही.

मग ती एका मुळावर बसली.

"चाळीस वर्षांत किनारीच्या पाट्या मी एकाच ठिकाणी रंगवल्या," ती म्हणाली. "डोळ्यांच्या इस्पितळात. तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, बाई, नुसता पिवळा आमच्या लोकांना दिसत नाही, भोवती काळं हवं. म्हणजे हे ज्याच्यासाठी काढलंय त्याला कमी दिसतं. आणि तो इथून फक्त उतरतो. चढत नाही."

"जो उतरतो तो चढतोच की, आई," माझा नवरा म्हणाला.

"चढत असेल. पण एकटा नाही. कोणाच्या तरी मागून चढत असेल, मग खूण कशाला लागेल? जावईबापू, तुमच्या या डोंगरावर खाली एकटा येणारा आणि वर सोबतीने जाणारा माणूस कोण?"

नवऱ्याचा चेहराच बदलला. दर गुरुवारी माथ्यावरच्या टेहळणीच्या मनोऱ्याचं सामान घेऊन जीप फाट्यावर येते, तो म्हणाला. मनोऱ्यावरचे पहारेकरी, सगळे त्यांना मामा म्हणतात, सामान उतरवून घ्यायला खाली येतात. जीपवरचा हमाल ओझं उचलून पुढे चालतो, मामा त्याच्या मागे. आणि मागच्या वर्षी मनोऱ्याच्या लोखंडी कठड्याला पिवळा-काळा रंग दिला होता. उरलेले डबे वरच राहिले होते.

पण लगेच त्याने मान हलवली. हे शक्यच नव्हतं. मामांचं कामच बघण्याचं. जंगलात कुठे धूर निघाला की सगळ्यात आधी मामांचा वायरलेस येतो. गेल्या दोन वर्षांत पाच वणवे त्यांच्यामुळे वेळेत विझले. मामांना दिसत नसेल, तर ते पाच धूर कोणी पाहिले?

आई उठून बूट झटकत होती. "वर जाऊन बघू या की," ती म्हणाली.

५

मामा मनोऱ्याच्या पायथ्याशी दोरी वळत बसले होते. आम्ही वीस पावलांवर असतानाच त्यांनी मान वर केली. "रक्षकसाहेब, आणि बरोबर दोघीजणी. एक वयस्क," ते म्हणाले. सगळं बरोबर होतं. फक्त बोलताना ते आमच्यापासून हातभर बाजूला बघत होते.

नवरा त्यांच्याजवळ थांबला. मी आणि आई वर गेलो. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा होता आणि त्याला काळी किनार.

वर मामांची बायको, मामी होत्या. बारीक चणीच्या, डोळ्याला दुर्बीण. त्यांनी पाहुण्यांकडे वळून पाहिलं नाही. बसा म्हणाल्या, मला ही बाजू पुरी करू द्या. सगळ्या दिशा फिरून झाल्यावर त्यांनी दुर्बीण खाली ठेवली, आणि आईच्या बोटांकडे त्यांची नजर गेली. रंगाचा पिवळा कपचा अजून नखात होता.

मग जे होतं ते त्यांनी लपवलं नाही. मामांची नजर दोन वर्षांपासून जात चालली होती. ते कोणाला सांगू देत नव्हते. मामी बघायच्या, हळूच सांगायच्या, आणि मामा वायरलेसवर बोलायचे. गेल्या महिन्यात माथ्याच्या वाटेवरच्या लोखंडी शिडीवरून मामा पडले. म्हणून ते जुन्या, सरळ उताराच्या वाटेने जायला लागले. मामींना सोबत जाता येईना.

"मी गेले तर इथे बघणार कोण, ताई?" त्या म्हणाल्या. "वणव्याचे दिवस आहेत. आणि यांना जाऊ नका म्हणावं, तर म्हणतात मी काय आंधळा आहे?"

म्हणून त्यांनी दुपारी, मामा झोपलेले असताना, मनोरा तेवढ्यापुरता सोडून, धावतपळत थोडे थोडे करून पट्टे काढले. फाट्यावरचा धोंडा शेवटचा, मागच्या आठवड्यात. उजवीकडचं झाड पडलंय आणि खालून येणारे आपला पट्टा बघून वळतील, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मुख्याध्यापक पडल्याचं वायरलेसवर ऐकलं तेव्हापासून त्यांना घास उतरला नव्हता.

पण खरी अडचण त्यांनी त्यानंतर सांगितली. मामांना वाटत होतं की ते जुन्या काळचे, उद्यानानेच काढलेले पट्टे आहेत. सुरुवातीला दिसत नव्हते, ते आता दिसायला लागले. डोळ्यांत कसलेसे थेंब घालत होते, त्याचा गुण आला म्हणून खूश होते.

"नोकरी गेली तर जाऊ दे," मामी म्हणाल्या. "पण हे त्यांना कसं सांगू?"

आईला पट्ट्यांच्या कोड्याचं उत्तर सापडलं होतं, आणि ते तिला नको होतं, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

जिन्यात माझा नवरा उभा होता. कधी वर आला होता कोण जाणे. त्याने सगळं ऐकलं होतं. उद्या मी यातलं काही सांगणार नाही, तो म्हणाला. पडलेल्या झाडाची खूण मी रंगवली नाही, ती माझी चूक आहे, तेवढी सांगेन. बाकी साहेबांना काय समजायचं ते समजू दे.

आईने त्याच्याकडे पाहिलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण असं निरखून तिने त्याला पहिल्यांदाच पाहिलं असावं.

मामींनी मात्र पदराने तोंड पुसलं आणि उठल्या. दुसऱ्याचं घर मोडून माझं झाकायचं नाही, म्हणाल्या. दुर्बीण त्यांनी आईच्या हातात दिली, धूर दिसला तर हाक मारा म्हणाल्या, आणि खाली गेल्या.

वरून आम्हाला दोघांची फक्त डोकी दिसत होती. मामी बराच वेळ बोलत होत्या. मामांच्या हातातली दोरी थांबली. ते ओरडतील असं मला वाटलं होतं. पण ते एवढंच म्हणाले, "रंग कोणता आहे त्यांचा?"

"पिवळा. काळी किनार."

"मला पांढरे वाटले," मामा म्हणाले.

आम्ही निघालो तेव्हा ते पुन्हा दोरी वळत होते.

६

सोमवारी दहाला कचेरीत मोठे साहेब, टेबलावर तीन पानी तक्रार, आणि खुर्चीत पाय पसरून मुख्याध्यापक. माझ्या नवऱ्याने पडलेल्या झाडाचं सांगून टाकलं. साहेबांनी लिहून घेतलं आणि विचारलं, मग बंद वाटेवरचे पट्टे कोणाचे? नवरा गप्प राहिला.

तेवढ्यात दारात मामा आले. घामाघूम, एका कोपराला खरचटलेलं. मनोऱ्यापासून कचेरीपर्यंत ते एकटे उतरले होते. साहेब कुठे बसलेत ते आवाजावरून हेरून त्यांनी नमस्कार केला, आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कुठेही स्वतःला वाचवलं नाही.

साहेब संतापले. दोन वर्षं जंगल रामभरोसे होतं का, असं त्यांनी विचारलं. त्यावर मामा म्हणाले की जंगल कोणाच्या भरवशावर होतं, ते तुम्ही स्वतःच विचारून बघा.

साहेबांनी वायरलेस उचलला. मनोरा, काय दिसतंय, असं विचारलं. क्षणभर खरखर झाली. मग मामींचा आवाज आला, घाबरलेला, पण स्पष्ट. पूर्वेला काही नाही. दक्षिणेला काही नाही. तळ्याकाठी चार तंबू, एकाचा दोर सुटलाय. आणि साहेब, तुमच्या कचेरीच्या मागे कोणीतरी पाला पेटवलाय. बंदी आहे ना सध्या?

साहेब खिडकीशी गेले. मागे त्यांचाच माळी पाल्याच्या ढिगाला काडी लावून निवांत बसला होता. मुख्याध्यापक इतके हसले की त्यांचा गुडघा दुखला. तक्रारीतला सातवा मुद्दा त्यांनी स्वतःच्या हाताने खोडला आणि बाजूला सही केली.

माझ्या नवऱ्याला लेखी ताकीद मिळाली, आणि मिळायलाच हवी होती. सगळी वाट नव्याने रंगवायची, तीही आठ दिवसांत. आईने परतीचं तिकीट पुढे ढकललं. दोघांनी मिळून रंगवली. ती पट्टे ओढायची, तो डबा धरायचा. भांडणं फक्त टर्पेंटाइनवरून झाली. मामांना शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. एका डोळ्याचं काही होण्यासारखं नव्हतं. दुसऱ्याचं ऑपरेशन ठरलं.

मामींना मनोऱ्यावर नेमायचं साहेबांनी ठरवलं, आणि पुढच्या गुरुवारी अर्ज भरून घ्यायला ते स्वतः जीपने आणि मग पायी वर आले. आम्हीही होतो. मामी दुर्बीण न काढताच उत्तरं देत होत्या. नाव, वय, शिक्षण. अनुभव या रकान्याशी साहेबांनी पेन थांबवलं. दोन वर्षं लिहू का, असं विचारलं.

"एकोणीस लिहा," मामा जिन्यातून म्हणाले.

साहेब म्हणाले, मामा, तुम्हीच तर दोन वर्षं म्हणालात.

"दोन वर्षं मला दिसत नाही. त्याआधी दिसायचं. पण आधी हिला दिसायचं, मग ती बोट दाखवायची आणि मग मला दिसायचं. आलो तेव्हापासून असंच आहे. सांगायचा तेवढा मी."

साहेबांनी रकान्यात एकोणीस लिहायला घेतलं.

"अठरा लिहा, साहेब," मामी दुर्बिणीतून बघतच म्हणाल्या. "पहिलं वर्ष मी माहेरी होते."